शेवंतीची रात्र

एप्रिल महिना, दुपारचे बारा वाजले असतील. मी जेवायला बसणार एवढ्यात आमच्या एका गिऱ्हाइकाचा, हर्षदचा फोन आला, आतल्या खोलीतला कोपऱ्यातला पंखा बंद पडलाय, जरा बघून घ्या. पंखा म्हणजे दहा मिनिटांचं काम. मी ताट झाकून ठेवलं आणि प्रबुद्धला म्हटलं, चल, येऊन जेवू.

मी भीमराज. इलेक्ट्रिशियन आहे, सत्तावीस वर्षं वायरी ओढतोय. चारकोपच्या एका सेक्टरमध्ये आमची बैठी खोली. प्रबुद्ध माझा मुलगा, बावीस वर्षांचा, आयटीआय करून माझ्याबरोबरच कामाला लागलेला. त्याची आई कमल. आमचं तिघांचंच घर. आणि एक आधीच सांगून ठेवतो, आम्ही भूतखेत मानत नाही. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट कोणी बघत नाही, दाराला लिंबू-मिरची कोणी टांगत नाही. शेजारपाजारच्या बायका अंगात आल्याच्या गोष्टी सांगायला लागल्या की कमल तोंडावर हसायची. तेव्हा मी सांगतोय ते तुम्हांला पटलं नाही तर मला राग यायचा नाही.

हर्षदने जवळच्याच औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला होता. त्यात तो फुलं लावायचा. हो, गाळ्यातच. खिडकी नाही, ऊन नाही, मातीसुद्धा नाही. नारळाच्या भुशात रोपं आणि वर एलईडीच्या पट्ट्या. पुढची खोली रोपं भरायची, आतली खोली शेवंतीची. तीन मजली रॅकवर दीड हजार रोपं. दिवे लागले की सगळी खोली जांभळ्या-गुलाबी उजेडात बुडून जायची आणि आपलेच हात आपल्याला परके वाटायचे. ते सगळं वायरिंग माझं. पट्ट्या मी बसवल्या, टायमर मी लावला, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

शेवंतीची एक खोड आहे. तिला कळी धरायला उजेडापेक्षा अंधार जास्त लागतो. रोज चौदा तासांची सलग रात्र मिळाली तर ती फुलते. मध्येच दिवा लागला तर झाडाला वाटतं रात्र संपली, आणि आधीच्या रात्री वाया जातात. आता गाळ्याच्या पत्र्याखाली दिवसा भट्टी असते, म्हणून हर्षदने दिवे रात्री लावायचे ठरवलं. संध्याकाळी सहा ते पहाटे चार आत दिवस. पहाटे चार ते संध्याकाळी सहा आत रात्र. बाहेर भर उन्हात रिक्षावाले पाणी पीत उभे असायचे आणि दाराआड दोन काळे पडदे सोडून शेवंतीची मध्यरात्र चालू असायची. त्या वेळी आत जायचं तर कपाळाला हिरवा दिवा बांधून जायचं. हिरवा उजेड झाडाला दिसत नाही म्हणतात.

त्या दुपारी सतरावी रात्र चालू होती. मे महिन्यातल्या लग्नांसाठी फुलं आधीच ठरलेली. हर्षद फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता, काहीही करा पण आतला दिवा लागता कामा नये, काका, तुमच्या पाया पडतो.

प्रबुद्धने हिरवा दिवा बांधला, हत्यारांची पिशवी घेतली आणि पडद्याआड गेला. मी पुढच्या खोलीत पॅनलपाशी उभा. पंख्याचा स्विच मी पाडला. आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे, माणूस आत असेल तर मेन बंद करायचा, नुसता स्विच नाही. पण तो टायमर होता स्वस्तातला. मेन बंद केला की त्याचं घड्याळ शून्यावर जायचं आणि मेन परत चालू केल्यावर आतले सगळे दिवे भक्कन लागायचे. सतरा रात्री पाण्यात गेल्या असत्या. मी म्हटलं, पंख्याची वायर तर मेलेलीच आहे, काय होतंय.

आतून त्याचा आवाज आला.

"पप्पा, मेन बंद केला ना?"

"केला. हात घाल."

टायमरची वायर त्याच पंख्यामागच्या, वायरी झाकायच्या प्लास्टिकच्या पट्टीतून गेली होती. पट्टी वाचवायला मीच ती तिथून नेली होती, वर्षभरापूर्वी, आणि साफ विसरलो होतो. पंख्याची वायर त्याने तपासली असणारच. दुसरी कुठली जिवंत असेल असं त्याच्या मनात का यावं? बापाने सांगितलं होतं मेन बंद आहे.

आवाज असा काही झालाच नाही. रॅकचा पत्रा एकदा वाजला आणि हिरवा उजेड पडद्याखालच्या फटीत येऊन थांबला.

मी काय केलं ते आता सांगतो, कारण एवढी वर्षं कमावलेली अब्रू तशीही गेलेली आहे. मी आधी मेन बंद केला. मग आत धावलो. आणि नंतर पोलिसांना, डॉक्टरला, कमलला, सगळ्यांना हेच सांगितलं की मेन बंद होता, कसं झालं देव जाणे. देव न मानणारा माणूस मी, देवावर ढकलून मोकळा झालो. सगळ्यांना पटलं. स्वतःच्या पोराच्या बाबतीत कोण खोटं बोलेल?

आमच्यात तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन असतं, ते झालं. पाहुणे गेले. कमल रडली नाही, आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. त्याची पिशवी खिळ्याला होती तशीच लटकत ठेवली. मी त्या गाळ्यात परत पाऊल टाकलं नाही. हर्षदने दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावून काय ते करून घेतलं, महिनाभराने नवी रोपं लावली, आणि एक दिवस कमलने मला सांगितलं की ती तिथे पाणी घालायचं काम धरतेय. मी नको म्हटलं. ती म्हणाली, माझं पोर शेवटचं तिथे होतं, तुम्ही मला अडवू नका.

पाणी घालायचं काम संध्याकाळी, दिवे लागल्यावर. पण कमल दुपारीच जायला लागली. किल्ली तिच्याकडे, हर्षद दिवसा तिकडे फिरकत नसे. साडेअकराला जायची, चारला यायची. साडीला ओल्या भुशाचा आणि शेवंतीच्या पानांचा तो कडवट वास. चेहरा मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झालेला. मी विचारलं, दिवसाढवळ्या तिथे करतेस काय? तिने सरळ सांगितलं.

"अंधारात बसते. तो आत आहे."

मी चिडलो. खूप बोललो तिला, आपण कोण, आपण काय मानतो, चार लोकांत काय तोंड दाखवायचं. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, रडत नाही तो, काही नाही. त्याचं काम चालू असतं. स्क्रूवर पेचकस फिरतो ना, तसा बारीक आवाज येतो कोपऱ्यातून. थांबतो, परत सुरू होतो. आणि मधून मधून एकच गोष्ट विचारतो.

"काय विचारतो?"

"मेन बंद केला ना, असं."

बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, कुकरची शिट्टी होत होती, आणि मी माझ्याच घरात घामाने भिजलो होतो. त्या दुपारी आत तो आणि बाहेर मी, आम्हा दोघांशिवाय हे शब्द कोणाला माहीत नव्हते. मी ते कुणालाही, झोपेतसुद्धा, सांगितले नव्हते.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

"मी म्हटलं, थांब बाळा, पप्पांना विचारून सांगते." तिने तवा उतरवला आणि माझ्याकडे बघितलं. "केला होता ना तुम्ही?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं हिला कळलंय, ही मला पारखतेय. पण तिच्या डोळ्यांत तसं काही नव्हतं. नुसती विचारत होती, पोराचा निरोप पोचवावा तशी. खरं बोलायची याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हटलं, केला होता.

दुसऱ्या दिवशी तिने जाऊन त्याला ते सांगितलं. घरी आल्यावर मी न राहवून विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, हातातलं काम थांबवलं त्याने. मग परत विचारलं, तेच.

पुढचे आठ-दहा दिवस कसे गेले माझे मला ठाऊक. झोप नाही. दोन गिऱ्हाइकांची कामं मी सोडली. वाटायचं, कमलला वेड लागतंय आणि मी लावतोय. वाटायचं, वेड नाही, खरंच आहे, आणि मग त्याहून वाईट वाटायचं, कारण मग माझं पोर अजून त्या अंधारात हात पुढे करून उभं आहे आणि उत्तराची वाट बघतंय. एकदा मी गाळ्याच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. कडीला हात लावला आणि परत फिरलो. बाप म्हणवून घ्यायची लाज वाटली मला त्या दिवशी.

मग तो बुधवार आला. साडेबाराला मी घरी आलो. कमल गेलेली होती, रोजच्यासारखी. पण खिळ्यावर पिशवी नव्हती.

शेजारच्या उत्तरावहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, पिशवी घेऊनच गेली ती, आणि खुशीत होती. म्हणत होती, पोराचं काम अर्धवट राहिलंय म्हणून तो अडकलाय. तो पंखा एकदा फिरला की सुटेल तो.

तो पंखा हर्षदने काढलाच नव्हता. शेजारी दुसरा लावून घेतला होता, जुना तसाच कोपऱ्यात, उघड्या वायरींसकट. हे कमलनेच मला सांगितलं होतं. आणि त्या खोलीत सगळं ओलं असतं. हात ओले, जमीन ओली, रॅक ओला.

पन्नाशीला आलेला माणूस मी, भर उन्हात चपला हातात घेऊन धावलो. गाळ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत कोणी नाही. पडदे स्थिर. आतून बारीक आवाज येत होता... पेचकसाचा. पत्र्यावर लोखंड घासल्याचा. थांबायचा, परत सुरू व्हायचा. मी हाक मारणार तेवढ्यात आतून कमल बोलली. आवाज तिचा, पण विचारायची ढब तिची नव्हती.

"मेन बंद केला ना?"

मी पॅनलवर झडप घातली. या वेळी खरोखर मेन खाली ओढला. एसीचा आवाज विरत गेला, पंखे हळूहळू थांबले, पुढच्या खोलीतली ट्यूब विझली. मी ओरडलो, केला गं, केला, आईशपथ केला, पण तू हात नको लावू, बाहेर ये.

आणि तेव्हा मला पॅनलखालच्या फळीवर एक छोटा दिवा दिसला. सगळा गाळा मेलेला आणि तो चालू. खाली वाकून बघितलं तर नवा इन्व्हर्टर. टायमरचं घड्याळ शून्यावर जाऊ नये म्हणून त्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने बसवलेला. म्हणजे मेन बंद करूनही ती एक वायर जिवंतच होती. तीच. पंख्यामागची.

मी दुसऱ्यांदा तेच सांगितलं होतं, आणि दुसऱ्यांदा ते खोटं निघालं होतं.

इन्व्हर्टरचं बटण सापडेना. वायरी कुठून कुठे नेल्यात कळेना. मी ते सोडलं आणि पडद्यांत शिरलो. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते समजत नव्हतं. हवा थांबलेली. पानांचा कडवट वास नाकातोंडात जात होता. हात पुढे करून मी रॅक चाचपत चाललो, ओली पानं बोटांना लागत होती. कमल, म्हटलं. कोपऱ्यात कोणीतरी श्वास घेत होतं. मी उभा राहून नीट ऐकलं. एक श्वास कमलचा, तीस वर्षं शेजारी झोपतोय, मला तो ओळखू येतो. दुसरा तरुण माणसाचा होता, जरा दम लागल्यासारखा.

पेचकस थांबला.

"पप्पा..." अगदी जवळून, माझ्या खांद्याच्या उंचीवरून. "मेन बंद केला ना?"

तो आवाज ऐकून मला भीती वाटली असं लोकांना सांगायला सोपं जातं. भीती नव्हती ती. मला त्याला मिठी मारायची होती. एवढंच कळत होतं की मी आता जे बोलेन त्यावर कमलचा जीव आहे.

"नाही रे," मी म्हटलं. "तेव्हा नव्हता केला. मी खोटं बोललो तुझ्याशी. फुलं वाचवायला. आणि आत्ताही वायर जिवंत आहे, प्रबुद्ध... आईला हात लावू देऊ नको."

मग पेचकस जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. कमलचा ओला, थंड हात माझ्या मनगटाला लागला आणि ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, चला बाहेर.

बाहेर एक वाजला होता, डोळ्यांत सुया टोचाव्यात असं ऊन. समोरच्या गाळ्यातले कामगार डबा खात बसले होते. कमल पायरीवर बसली. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"माझी बोटं वायरीवर टेकणारच होती. त्याने हात धरला माझा. म्हणाला, आई थांब, पप्पांना अजून एकदा विचारू."

मी तिच्या पायांशी बसून रडलो. तिने मला रडू दिलं. पण हात नाही लावला. त्याच संध्याकाळी ती दोन पातळं घेऊन देवनारला भावाकडे, खंडूकडे, निघून गेली. जाताना भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी पोलिस चौकीत जाऊन खरं काय ते लिहून दिलं. त्यांनी कागद ठेवून घेतला, बोलावू म्हणाले. हर्षदने गाळा सोडला. महिनाभर मी रोज ठरवायचो, देवनारला जायचं, आणि जायचो नाही. माझ्या मनात एकच होतं, प्रबुद्ध तिच्याबरोबर गेला असणार, आईजवळ असणार, निदान ते दोघं तरी एकत्र आहेत. त्या विचारावर मी दिवस काढत होतो.

मागच्या रविवारी गेलो शेवटी. खंडूने आत बोलावलं नाही. कमल दारात आली. वाळली होती. मी विचारलं, तो बोलतो का तुझ्याशी? ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मीच वेडा आहे.

"माझ्याकडे कुठे आहे तो? मी किती विनवलं त्याला, चल म्हणून. तुमच्या मागून बाहेर पडला तो. मी बघितलं ना."

"मग मला कसं काही ऐकू येत नाही?"

"काय बोलणार तुमच्याशी? त्याला विचारायचं होतं ते विचारून झालं." आणि तिने दार लोटून घेतलं.

घरी आलो तेव्हा दुपार होती. मी दारं-खिडक्या लावल्या. मेन बंद केला, मीटरपाशची फ्यूजसुद्धा काढून खिशात घातली. घरात कुठे करंट म्हणून शिल्लक ठेवला नाही. मग जमिनीवर बसलो, समोर त्याची अभ्यासाची लाकडी खुर्ची ओढली आणि त्याच्याशी बोलत राहिलो. लहानपणापासूनचं सगळं. माफी मागितली. शिव्या दे म्हटलं. एक शब्द बोल म्हटलं, कुठलाही. खुर्ची रिकामी होती आणि रिकामीच राहिली.

शेवटी काय मनात आलं कोण जाणे, मी शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला. हे आमचं साधं हत्यार, दहा-वीस रुपयांचं. टोक वायरीला लावायचं, वरच्या टोपीवर बोट ठेवायचं. वायर जिवंत असेल तर आतला बारका दिवा पेटतो, आणि बोट टोपीवर असेल तोवरच पेटतो, कारण करंट माणसाच्या अंगातून पुरा होतो. टोपीवर कुणाचंच बोट नसलं की विझला. लाकडावर तो कधीच पेटत नाही. मी टोक खुर्चीच्या हाताला लावलं, जिथे तो कोपर टेकून बसायचा, आणि टोपीवर बोट ठेवलं.

दिवा पेटला. नारिंगी, मंद.

बोट उचललं तर तो जाईल म्हणून उचललं नाही. हात भरून आला, खांदा दुखायला लागला, बाहेर नळाला पाणी आल्याचा गलका सुरू झाला, तरी नाही उचललं. तासभर असेन तसा. मग बोटात गोळा आला आणि ते माझ्या नकळत टोपीवरून सुटलं.

दिवा पेटलेलाच राहिला.